कृष्णेकाठची ढासळती मळी : दगड घालावा की नदीला जागा सोडावी?

मळीकर
(७ डिसेंबर)

आमची वडिलोपार्जित जमीन सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाला आहे. नदी आमच्या शिवारापाशी मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे जिथे पाणी काठावर येऊन आदळते तिथे, आमची मळी (नदीकाठची गाळाची जमीन) आहे. आजोबांच्या वेळी या मळीत नुसत्या ओलीवर हरभरा आणि शाळू येत असे. आता अर्थातच ऊस आहे. २००५ च्या पुरात काठ थोडा ढासळला तेव्हा घरात कोणी फारसे मनावर घेतले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले (धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना यावी) आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. या दोन पुरांनी मिळून आमची अकरा गुंठे जमीन नदीत गेली. विहीर आणि काठ यांच्यात आता जेमतेम सत्तर फूट उरले आहेत.

एक गोष्ट मला तेव्हापासून कोड्यात टाकते. दोन्ही वेळा पूर चढत असताना आणि शिखरावर असताना काठ जागचा हलला नाही. पाणी उतरले, ऊन पडले, आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री तोफेसारखा आवाज होऊन काठाचे घराएवढे धस (सुटलेले मातीचे कडे) खाली बसले.

भावकीतल्या चार खातेदारांनी मिळून काठाला दगडी पिचिंग (दगड रचून केलेले अस्तर) करावे असे आता घाटत आहे. मीही त्याला अनुकूल होतो. मात्र गेल्या आठवड्यात पैलथडीला गेलो असताना आमचाच काठ समोरून पाहिला, तेव्हा त्या ताज्या तुटलेल्या उभ्या दरडीत वरच्या अंगाला कितीतरी भोके आणि त्यांत ये-जा करणारे लहान तपकिरी पक्षी दिसले. तेव्हापासून मनात प्रश्न आहे की काठ झिजण्याचा नदीला काही उपयोग असतो का, असल्यास तो नेमका कोणता, आणि आम्ही दगड घातला तर आम्ही काय वाचवू आणि काय बुजवू. जाणकारांनी सविस्तर लिहावे. अलमट्टीच्या पाणीपातळीवरील वादासाठी येथे वेगळे धागे आहेत. तो विषय कृपया इथे आणू नये.


पायथा
(७ डिसेंबर)

तुमच्या कोड्याचे उत्तर आधी देतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पुराचे पाणी काठाला दोन प्रकारे वागवते. ते वाहताना काठाचा पाय खरवडते, पण त्याच वेळी बाहेरून रेटा देऊन काठाला उभेही धरून ठेवते. आठ-दहा दिवस पुरात बुडालेली माती आतपर्यंत पाण्याने भरते आणि जड होते. नदी उतरली की बाहेरचा आधार एकाएकी जातो, मात्र आतले पाणी तितक्या वेगाने झिरपून बाहेर येऊ शकत नाही. जड झालेला, आतून पाण्याच्या दाबाने सैल झालेला आणि पायाशी आधीच पोखरलेला काठ मग वरच्या भेगेपासून अख्खा सुटतो. म्हणून धस पडतात ते पूर ओसरल्यावर. धरणांच्या खालच्या नद्यांत हे अधिक जाणवू शकते, कारण विसर्ग थांबवला की पातळी एरवीपेक्षा भराभर उतरते.

दुसरे असे की आपल्याकडच्या नद्यांची झीज आणि बातम्यांत दिसणारी ब्रह्मपुत्रेची झीज यांची गल्लत करू नये. आसामच्या जलसंपदा विभागाच्या आकडेवारीनुसार १९५० पासून त्या राज्याची ४.२७ लाख हेक्टर जमीन नद्यांनी गिळली आहे, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या सात टक्क्यांहून अधिक. तिथे नदी वाळूच्या मैदानात मोकाट फिरते. कृष्णा मात्र दख्खनच्या कातळावर साचलेल्या गाळात स्वतःची खोल नळी कापून वाहते आणि तिचे काठ उंच, उभे आणि पुष्कळसे चिकणमातीचे आहेत. ती गावे पोटात घालत सुटणारी नदी नाही. त्यामुळे कृष्णेचा काठ दोन पुरांत अकरा गुंठे मागे हटला असेल, तर त्याचे कारण निव्वळ नदीच्या स्वभावात शोधून भागणार नाही.

तीन गोष्टी सांगाव्यात. काठाच्या उभ्या कापात मातीचे थर कसे आहेत? तुमच्या वळणात किंवा त्याच्या खाली वाळूउपसा झाला आहे का? आणि काठापासून किती अंतरावर तुम्ही उसाला पाणी देता?


वाळुंज
(८ डिसेंबर)

तुम्ही पाहिलेले पक्षी पाकोळीच्या कुळातले असावेत. त्यांचा विणीचा हंगाम आपल्याकडे हिवाळ्यात, नदीचे पाणी खाली गेल्यावर असतो. उभ्या, मऊ, ताज्या कापलेल्या काठात हात-दीड हात खोल भोक पाडून ते वसाहतीने घरटी करतात. ‘ताज्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या दरडीचा उतार हळूहळू बसका होतो, तिच्यावर गवत आणि झुडपे चढतात, त्यांवरून साप आणि मुंगूस वर पोचतात आणि जुन्या भोकांत गोचिड-पिसवांचा सुळसुळाट होतो. दर काही वर्षांनी नदीने जुनी दरड पाडून नवी उभी केली नाही, तर या पक्ष्यांना घर उरत नाही. कवड्या खंड्या आणि वेडा राघू हेही असल्याच मातीत बीळ करतात, फक्त वेडा राघू उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो आणि त्याला नदीच लागते असे नाही, ओढ्याचा किंवा खाणीचा कापही चालतो.

पक्षी हा या गोष्टीचा सहज दिसणारा भाग झाला. काठासोबत करंज, उंबर, जांभूळ अशी झाडे नदीत पडतात तेव्हा आपल्याला ते नुकसान वाटते, पण मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारा, तो गळ टाकायला पडलेल्या झाडाच्या फांद्यांपाशीच जातो. तिथे पाणी संथ होते, पानगळ अडकते, त्यावर शेवाळ आणि किडे येतात आणि बारक्या माशांना आसरा मिळतो. शिवाय एका अंगाला तुटलेल्या काठाची वाळू आणि गाळ पुढच्या वळणाच्या आतल्या अंगाला जाऊन बसतो. त्या कोऱ्या, ओल्या, उन्हातल्या गाळावरच माझ्या नावाचे झाड रुजते. वाळुंजाचे कापसासारखे बी फार दिवस जगत नाही. त्याला पडल्यापडल्या उघडा ओला गाळ मिळाला तरच रोप होते, आणि गवताने भरलेल्या जुन्या काठावर ते होत नाही. एकीकडचा काठ पडला नाही तर दुसरीकडची नवी राई उगवत नाही, इतका हा सरळ हिशेब आहे.

मगरींचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण तुमच्याच पट्ट्यात त्या आहेत. कृष्णेतली मगर पाण्यापासून वर, मातीच्या किंवा वाळूच्या उतारावर खड्डा करून अंडी घालते आणि काठात लांब बिळेही करते. दगडी अस्तर केलेल्या काठावर तिला यातले काहीच करता येत नाही.


ऊसकरी
(८ डिसेंबर)

सर्वांचा मान राखून लिहितो. मीही नदीकाठचाच शेतकरी आहे. पाकोळ्यांची घरे आणि मगरींची बिळे वाचून बरे वाटले, परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर सव्वा एकर आहे आणि त्यातले अकरा गुंठे पाण्यात गेले, त्याने हा आनंद कोणत्या बँकेत भरावा? नदीला काठ पाडण्याची गरज आहे असे म्हणणाऱ्यांची जमीन बहुधा नदीपासून लांब असते. शिवाय वाळुंज यांनी फायदे सांगितले तसे तोटेही सांगावेत. पुरानंतर महिनाभर नदी चहासारखी वाहते आणि आमच्या उपशाच्या मोटारींच्या फुटव्हॉल्व्हवर गाळाचा ढीग बसतो, तो माशांच्या फायद्याचा आहे का?


वाळुंज
(८ डिसेंबर)

टोला रास्त आहे. तोटे आहेत आणि ते गंभीर आहेत. काठातून येणारी भरड वाळू नदीला हवी असते. बारीक चिकणमाती मात्र प्रमाणाबाहेर आली की गोट्यांमधल्या आणि खडीमधल्या फटी बुजवते. अनेक मासे त्या फटींतच अंडी सोडतात आणि पाण्यातले किडे तिथेच राहतात. फटी बुजल्या की अंड्यांना वाहत्या पाण्यातला प्राणवायू मिळत नाही. गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही म्हणून शेवाळही खुरटते. त्यात आपल्या उसाच्या मळीची माती कोरी नाही. वर्षानुवर्षे दिलेल्या खतांतला स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून नदीत जातो आणि पुढे पाणी संथ झाले की जलपर्णीला तो मेजवानीच असतो. नदीने शंभर वर्षांत पाडायचा काठ आपण दहा वर्षांत पाडायला लावला, तर आधी सांगितलेल्या फायद्यांपैकी फारसे काही हाती लागत नाही. झाडांना रुजायला आणि पक्ष्यांना पिढी काढायला सवड मिळत नाही, नुसताच चिखल मिळतो. माझे म्हणणे झिजेच्या बाजूने आहे, या वेगाच्या बाजूने नाही.


मळीकर
(१० डिसेंबर)

पायथा यांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी काल मुद्दाम काठाखाली उतरून आलो. वरचे सात-आठ फूट काळी-करडी पोयट्याची माती आहे, तिच्याखाली साधारण पाच फूट पिवळसर चिकणमाती आहे आणि त्याखाली बारीक वाळूचा थर आहे, जो हाताने उकरला तरी गळतो. या वाळूच्या थराच्या वर, चिकणमातीच्या खालच्या कडेला, डिसेंबरातही पाणी पाझरताना दिसले. नदीचे पाणी त्याहून पुष्कळ खाली आहे, म्हणजे हे पाणी नदीचे नाही.

वाळूबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही. वळणाच्या खालच्या डोहात काही वर्षे यांत्रिक बोटींनी उपसा चालत होता हे सगळ्या गावाला माहीत आहे. आमच्याच चुलत्यांनी पूर्वी काठाकडेची पट्टी वीटभट्टीला माती काढण्यासाठी दिली होती आणि आमच्या वडिलांनी त्यावर सहीही केली होती. उसाला आम्ही पाटपाणी देतो आणि शेवटची सरी काठापासून दहा-बारा फुटांवर आहे.


पायथा
(१० डिसेंबर)

आता चित्र स्पष्ट झाले. तुमचा काठ चार बाजूंनी कमजोर होत आला आहे आणि त्यांपैकी एकच बाजू नदीची आहे.

डोहातून वाळू उपसली की तळ खाली जातो. तळ खाली गेला की तुमच्या काठाची उंची आपोआप वाढते आणि त्याच्या पायाचा वाळूचा थर उघडा पडतो. उपशाने झालेला खड्डा नदी वरच्या अंगाची वाळू ओढून भरते, म्हणून उपसा खाली झाला तरी तुमचा पाय सुटतो. धरणांच्या तळ्यांत भरड गाळ अडून राहतो, त्यामुळे हा खड्डा वरून येणाऱ्या नव्या वाळूने लवकर भरण्याचीही आशा कमी असते. वीटभट्टीने वरची माती उचलल्यामुळे तिथे खोलगट जागा झाली असणार आणि पुराचे पाणी उतरताना त्या खोलग्यातूनच नदीत परत उडी मारते. असल्या जागी ओहळ पडतात. चौथी गोष्ट तुमची पाटपाण्याची सरी. चिकणमातीच्या कडेला दिसणारा पाझर हा तुमच्या उसाला दिलेल्या पाण्याचा आहे. पुराने काठाला दहा दिवस भिजवले, तुम्ही त्याला वर्षभर भिजवत आहात. शिरोळ आणि सांगली भागात चोपण झालेल्या जमिनी आपण पाहतोच. अशा सोडियम वाढलेल्या मातीचे कण पाण्यात आपोआप सुटे होतात आणि काठाच्या आतून नळीसारख्या पोकळ्या तयार होतात. तुमच्याकडे तसे असेल तर वरून दिसणार नाही, परीक्षण करून घ्यावे लागेल.

पिचिंगबद्दल माझे मत असे आहे. मी नोकरीत असताना पुलांच्या आणि गावठाणांच्या बचावासाठी ते अनेक ठिकाणी करवले आहे आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, कारण तिथे मागे सरकायला जागा नव्हती. पण दगडी अस्तर पाण्याची ताकद संपवत नाही, ती पुढे ढकलते. गुळगुळीत केलेल्या काठावरून पाणी अधिक वेगाने जाते आणि अस्तर जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याचा काठ उचकटते. तुमच्या चौघांच्या खाली पाचवा खातेदार कोण आहे, याचा विचार करून ठेवावा. शिवाय आतला पाझर न काढता आणि पाय तळाखाली न नेता वरून दगड लावले, तर पहिल्याच मोठ्या पुरानंतर दगडांसह काठ खाली येतो. असे पडलेले अस्तर मी स्वतः मोजले आहे.

वाईचा ढोल्या गणपती ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की १७६२ मध्ये बांधलेल्या त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी भिंत जाड करण्यापेक्षा पाण्याला जाण्याची वाट कशी मिळेल याचा विचार केला होता.


प्रवराकाठी
(१३ डिसेंबर)

धागा थोडा वेगळ्या अंगाने पुढे नेतो, विषयांतर वाटल्यास क्षमस्व. आमच्या नेवासे-संगमनेर भागात प्रवरेच्या गाळाच्या जमिनीत ओहळांनी अशी काही घळी-दऱ्यांची रांग कोरली आहे की नवख्या माणसाला चंबळची आठवण यावी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पडीक जमीन, आणि बुलडोझर लावून ती सपाट करण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. पण याच कापल्या गेलेल्या काठांनी महाराष्ट्राचा इतिहास उघडा केला. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले आणि तिथल्या प्रवरेच्या काठातल्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर उघडा पडला आहे. ती राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून आली की त्याहून जुनी आहे, यावर भूशास्त्रज्ञांत वाद झाला आहे. आपल्या सह्याद्रीशी त्या राखेचा काहीही संबंध नाही, हजारो किलोमीटर उडत येऊन ती कुकडीच्या पुरात बसली. नदीने काठ कापला नसता तर ती कोणाला दिसलीही नसती.

याचा अर्थ काठ कापू द्यावा असा नाही. सपाटीकरण करण्याआधी काठात काय आहे ते एकदा कोणीतरी पाहावे, एवढेच म्हणणे आहे. मळीकर, तुमच्या पिवळ्या चिकणमातीत शंख-शिंपल्यांचे किंवा हाडांचे तुकडे दिसले तर छायाचित्र काढून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.


दूरदेशी
(१५ डिसेंबर)

मी मूळचा मिरजेचा, सध्या कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीपासून अर्ध्या तासावर राहतो. पाकोळ्यांचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले, कारण येथे हाच प्रश्न आधीच येऊन गेला आहे. या नदीवर १९४५ मध्ये शास्ता धरण पूर्ण झाले आणि खालच्या भागात शेती व गावे वाचवण्यासाठी मैलोन्‌मैल काठांवर दगड टाकण्यात आले. काठात घर करणाऱ्या पाकोळीची येथली जात त्यामुळे इतकी घटली की १९८९ मध्ये राज्याने तिला संकटग्रस्त म्हणून घोषित केले. दगड टाकलेला काठ पडत नाही, हे खरेच. पण तो न पडल्यामुळे घरटी करायला नवा काप मिळत नाही, आणि आतल्या अंगाला नवी वाळू न बसल्यामुळे कॉटनवूडची नवी झाडे उगवत नाहीत. वाळुंज यांनी त्यांच्या झाडाबद्दल जे लिहिले तेच हे, फक्त झाड वेगळे.

अलीकडे येथे काही ठिकाणी वेगळा उपाय केला आहे. हॅमिल्टन सिटी या लहान गावापाशी नदीला चिकटलेला जुना मातीचा बांध काढून त्याऐवजी गावाच्या बाजूला मागे सरकवून नवा बांध घातला आणि मधली जमीन नदीला परत दिली. हा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा होईल असे मी म्हणत नाही. तेथील जमीनधारणा आणि तुमचे सव्वा एकर यांची तुलनाच होऊ शकत नाही, शिवाय जमीन विकत घेण्यासाठी तेथे सरकारी आणि संस्थांचा पैसा होता.


ऊसकरी
(१५ डिसेंबर)

शेवटचे वाक्य लिहिल्याबद्दल दूरदेशी यांचे आभार. मुद्दा तोच आहे. नदीला जागा द्या असे म्हणताना ती जागा कोणाची आणि त्याचे मोल कोण देणार?


निवृत्त तलाठी
(१६ डिसेंबर)

मोल काय मिळते ते मी सांगतो, कारण या प्रकरणांचे पंचनामे करण्यात माझी बरीच वर्षे गेली. २०२३ च्या शासननिर्णयातील दरांप्रमाणे नदीने प्रवाह बदलल्याने वाहून गेलेल्या किंवा खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये मदत आहे आणि ती केवळ अल्प व अत्यल्प भूधारकांना मिळते. अकरा गुंठ्यांचा हिशेब केल्यास पाच हजारांच्या थोडे वर रक्कम येते. त्या पैशात पिचिंगचा दगड सोडाच, त्याची वाहतूकही होणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत नदीने आणून टाकलेल्या मळईच्या जमिनीचा आणि नदीने वाहून नेलेल्या जमिनीचा विचार केलेला आहे. गेलेल्या जमिनीचा आकार कमी करून मिळतो, म्हणजे वर्षाकाठी काही रुपयांचा महसूल माफ होतो. एवढ्यासाठी मोजणीची फी भरून कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) करून घ्यायला कोण जाईल? म्हणून जमीन पाण्यात जाते आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र तसेच राहते. मग कर्ज त्या क्षेत्रावर निघते, वाटणी त्या क्षेत्राची होते आणि भाऊ-भाऊ कोर्टात जातात, कारण ज्याच्या वाट्याला काठाकडची बाजू आली त्याची जमीन कागदावर आहे पण प्रत्यक्षात नाही. मळीकरांना माझा आग्रहाचा सल्ला असा की पिचिंग करा वा करू नका, आधी मोजणी करून घ्या.

समोरच्या थडीला, वळणाच्या आतल्या अंगाला, तितकीच नवी मळई तयार झाली असणार. तिच्यावर कोणी ऊस लावला आहे काय, हेही पाहून यावे. नदीने एकाची जमीन नेऊन दुसऱ्याला दिली की त्या दोघांनी एकमेकांशी पुढे कसे बोलायचे, हे संहितेत लिहिलेले नाही.


डोहकाठ
(१८ डिसेंबर)

बराच वेळ नुसता वाचत होतो. आमच्या घरात पिढीजात मासेमारी आहे, म्हणून वाळूबद्दल दोन शब्द. नदीच्या दृष्टीने काठाची वाळू आणि तळाची वाळू वेगळी नसते. काठातून पडते ती तळात जाते, तळातली पुढे जाते. एके काळी कृष्णेची ही वाळू आणि गाळ पार आंध्रात हंसलदीवीपाशी समुद्राला मिळत असे आणि तिथला त्रिभुज प्रदेश त्यावर वाढत असे. आता अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांत ती अडते आणि तो किनारा समुद्राच्या लाटांनी मागे हटतो आहे. म्हणजे आपल्याकडे काठ पडतो तो प्रश्न आणि तिकडे काठाची माती पोचत नाही तोही प्रश्न.

आमच्या डोहांचे म्हणाल तर वाळू गेल्यापासून तळाला काळा चिखल आहे. पूर्वी उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर कासवे अंडी घालत. तो पट्टाच आता उघडा पडत नाही, कारण तो नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली, त्यानंतर उपसा दिवसाचा रात्रीवर गेला एवढाच फरक आम्हाला दिसला. काठ वाचवायचा असेल तर दगड आणण्याआधी बोट थांबवावी लागेल. बोट चालू असेल तर तुमचा दगडही एक दिवस त्याच खड्ड्यात जाईल.


पायथा
(१९ डिसेंबर)

डोहकाठ यांनी दिलेला क्रम योग्य आहे. मी मळीकरांना करण्याजोग्या गोष्टी खर्चाच्या चढत्या क्रमाने सुचवतो.

बिनखर्चाची गोष्ट म्हणजे काठाकडची किमान तीस-चाळीस फुटांची पट्टी पाटपाण्यातून वगळणे. तिथे ऊस लावू नये. शक्य असल्यास उरलेल्या उसालाही ठिबक करावे. पाझर थांबला की काठाचे निम्मे ओझे उतरेल. वीटभट्टीच्या खोलग्यातले पाणी नदीकडे न उतरता एका पक्क्या नाळीने उतरेल अशी सोय करावी.

त्यानंतर लागवड. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात आणि वरचा थर चांगला धरून ठेवतात. पायथ्याच्या ओल्या भागात वाळुंजाच्या फांद्या आणि शेरणी, मधल्या उतारावर बांबू, वर करंज आणि जांभूळ. मात्र याबाबत समाजमाध्यमांवर जे चमत्कार सांगितले जातात त्यांवर विश्वास ठेवू नये. तुमच्या काठाची उंची पाहता खोलवरून सुटणारा धस वाळ्याची मुळे अडवू शकत नाहीत. लागवड उताराला धरते, उभ्या कड्याला नाही. म्हणून जिथे लागवड करायची तिथे काठ आधी थोडा कापून उताराचा करावा लागतो, म्हणजे आणखी दोन-तीन गुंठे स्वतःच्या हाताने सोडावे लागतात. हे ऐकून शेतकरी उठून जातो, याची मला सवय आहे.

शेवटी दगड. तो फक्त विहिरीसमोरच्या भागात, फक्त पायथ्याशी, जाळीत भरलेला आणि मागे पाणी निचरा होईल असा घालावा. पूर्ण काठभर नको.


वाळुंज
(१९ डिसेंबर)

यात माझी एकच भर. वरच्या अंगाचा जो उभा काप पाकोळ्यांनी धरला आहे, तिथे काहीही करू नये. ना दगड, ना वाळा. लोक पर्यावरणप्रेमाने उभ्या दरडीवर वेली सोडतात आणि पक्ष्यांचे घर बंद करतात.


मळीकर
(२८ मे)

उशिरा लिहीत आहे, पण काही झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. फेब्रुवारीत मोजणी झाली. गेलेली जमीन अकरा नव्हे तर पावणेचौदा गुंठे निघाली. आम्ही बांधावरून पावलांनी मोजत होतो. कमी-जास्त पत्रकासाठी अर्ज दिला आहे. मातीचे परीक्षण केले, खालचा थर चोपणाकडे झुकणारा आहे.

भावकीची बैठक तीन वेळा झाली. पूर्ण काठाला पिचिंग करण्याचा बेत सुटला, पण त्याचे श्रेय या धाग्याला द्यावे की अंदाजपत्रकातल्या आकड्याला, हे मला ठरवता येत नाही. विहिरीसमोर साठ फूट लांबीत पायथ्याला जाळीतला दगड बसवला आहे. काठाकडची चाळीस फुटांची पट्टी उसातून काढण्यास दोघे तयार झाले, एकाने वीस फूट कबूल केले आणि एकाने नकार दिला. नकार देणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडे तेवढेच रान आहे. आमच्या पट्टीत यंदा शाळू केला होता. काठातला पाझर एप्रिलमध्ये पहिल्यांदा थांबलेला पाहिला, अर्थात उन्हाळ्यामुळे थांबला की पाटपाणी बंद केल्यामुळे, हे पुढच्या हिवाळ्यातच कळेल.

बोटीबाबत ग्रामसभेत ठराव झाला आहे. रात्री आवाज येतो का ते ऐकण्यासाठी मी दोन वेळा मुक्कामाला राहिलो. एकदा आला, एकदा नाही.

पाकोळ्या मार्चअखेर निघून गेल्या, त्यांच्या कापाला हात लावलेला नाही. त्याच कापात गेल्या महिन्यात वेड्या राघूची चार जोडपी आली. पैलथडीच्या नव्या मळईवर कलिंगडे लावलेली होती. लावणाऱ्याला जाऊन भेटलो, त्याने एक कापून दिले आणि ही माती तुमचीच आहे असे हसत म्हणाला.

काठाच्या वरच्या कडेपासून मागे दर दहा फुटांवर लोखंडी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, एकूण सात. पूर उतरल्यावर आठवडाभराने किती उरल्या ते येथेच लिहीन.